चव्वेचाळीस पॉइंट चार

९ एप्रिल

अंगणवाडीची अकरा रजिस्टरं मी रोज भरते, पण स्वतःसाठी वही उघडली ती आजच. शाळेत वऱ्हाडी लिहिलं की बाई लाल रेघ मारायच्या, त्यामुळे पेन धरला की हात आपोआप पुस्तकी होतो. होऊ दे. घरात बोलायला कोणी उरलं नाही म्हणून लिहून राह्यली. बाबा आहेत, पण दोन तारखेला त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. सहा दिवस सावंगीच्या दवाखान्यात होतो, काल घरी आणलं.

निघताना डॉक्टरला विचारलं, आता पुढं कसं? तो म्हणाला, "पुन्हा झटका येऊ शकतो, नाहीही येणार. तीन महिने, तीन वर्षं, आत्ता सांगता येत नाही." एवढं शिकून सांगता येत नाही. मी तोंडावर म्हटलं, "डॉक्टरसाहेब, एक काय ते सांगा ना." त्यानं चष्मा काढून पुसला आणि पुढच्या खाटेकडे गेला.

वर पेटीचं काम माझ्या गळ्यात. चौतीस वर्षांपासून बाबा या बियाण्यांच्या फार्मवर हवामानाची पेटी वाचतात. पांढरी, झडपांची, चार पायांवर उभी, आत थर्मामीटर. सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला बघायचं आणि वहीत लिहायचं. आमच्या दोन खोल्या फार्मच्या आवारातच आहेत, बाबांच्या खाटेवरून खिडकीतून पेटी दिसते. मधले सात दिवस चौकीदार लक्ष्मणरावांनी वाचलं. आज म्हणाले, "भावना, आता तूच पाह्य. खाडा पडला त प्रेमदासभाऊचा जीव जाईन." ज्यांचा जीव जायचा होता त्यांचा गेला, असं मनात आलं.

कमाल ४१.२.

११ एप्रिल

लोखंडी ट्रंकेतून जुन्या वह्या काढल्या. आकडा कसा लिहायचा ते बघावं म्हणून काढल्या, आणि नेमकं नको तेच पान उघडलं. बारा वर्षांपूर्वीचा २२ मे. कमाल ४४.४.

त्या दिवशी आई रस्त्याच्या मातीकामावर गेली होती. तीन वाजता खाली बसली, ती उठलीच नाही. आर्वीला नेईपर्यंत संपलं होतं. चौकशीवाले आले. त्यांच्या कागदाप्रमाणे पंचेचाळीस किंवा वर असेल तरच ऊन लागून मेलं म्हणायचं. त्यांनी बाबांची वही मागितली. वहीत ४४.४. आईच्या कागदावर लिहिलं, हृदयक्रिया बंद.

पेन बाबांच्या हातात होता. सहा दशांश, तेवढं वर सरकवलं असतं तर माझ्या आईच्या कागदावर ऊन लिहिलं गेलं असतं. मी सासरहून आले, विचारलं, तर एवढंच म्हणाले, "जे दिसलं ते लिवलं." त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतं बोलते. सासर सुटून इथंच राहायला आले त्यालाही सहा वर्षं झाली. भाकरी वाढते, कपडे धुते, आणि कामापुरतंच बोलते.

वह्यांत आकड्यांच्या बाजूला कुठं कुठं पेन्सिलीनं टिंब दिलंय. फक्त उन्हाळ्यात, तेही रोज नाही. आईच्या कामाची हजेरी मांडत असतील. त्या २२ मेच्या आकड्याशेजारी तर कसरीनं आरपार भोक पाडलंय. बाकी अख्खी वही शाबूत आहे. कसरीलाही तेच पान सापडलं.

१४ एप्रिल

जयंती. सकाळी विहारात वंदना झाली, पोरांनी निळे झेंडे लावून मिरवणूक काढली. बाबांना पांढरा सदरा घातला आणि खिडकीशी बसवलं. दरवर्षी तेच पुढं असायचे. आज डोळ्यांतून पाणी गळत होतं. लकव्यात तसं होतं म्हणे. मी पुसलं आणि साडेपाचला पेटीकडे गेले. ४२.०.

१६ एप्रिल

नागपूरहून आकांक्षा नावाची मुलगी आली. मुलगी म्हणजे तिशीची असेल, पण ओढणीला कुसळं चिकटली तर पाच मिनिटं नाचली. उष्णतेचा अभ्यास करते. किती तापमानाला दुपारचं उघड्यावरचं काम बंद करायचं, आणि पुढं असे किती दिवस येतील, हे ठरवायला जिल्ह्यात एक समिती बसणार आहे. २६ मेला बैठक. आपल्या भागात इतकी लांब नोंद एकच, बाबांची.

मी म्हटलं, मंग सांग, किती दिवस येतील?

"पंचवीस वर्षांनी पंचेचाळीसच्या वरचे दिवस, वर्षाला चौदा ते एकतीस."

"म्हणजे किती?"

"चौदा ते एकतीस, ताई."

"ठाऊक नाई असं सांग ना सरळ."

ती चिडली नाही. म्हणाली, "ठाऊक नसतं तर शून्य ते तीनशे म्हटलं असतं. चौदाच्या खाली काही केल्या येत नाही, एवढं तर ठाऊक आहे." मला ते डॉक्टरसारखंच वाटलं. शिकलेल्यांना एक आकडा सांगायचं जिवावर येतं.

मग चहा पिता पिता तिनं खरी गोष्ट काढली. बाबांच्या वहीत बारा वर्षांपूर्वी एकदम उडी आहे. आधीचे उन्हाळे आजूबाजूच्या ठिकाणांपेक्षा गार, नंतरचे त्यांच्या बरोबरीचे. कुठंतरी चुकीचं लिहिलंय. एकतर आधी कमी, नाहीतर नंतर जास्त. कारण सापडलं नाही तर ती सगळी चौतीस वर्षं बाजूला ठेवेल. म्हणजे बाबांची नोंद अविश्वासार्ह, असं कागदावर छापून येणार. आणि तिचं ते चौदा ते एकतीस, बाबांच्या वहीशिवाय होतं सहा ते चाळीस.

तिला माहीत नाही की बारा वर्षांपूर्वी आई गेली. मी सांगितलंही नाही. मला एकच दिसतंय. आई गेल्यावर बाबांचा हात वर चढला. ज्या दिवशी चढायला हवा होता त्या दिवशी नाही चढला, मग रोज चढवत राहिले.

पडताळणीसाठी तिनं पेटीपासून चाळीस पावलांवर आपोआप मोजणारं मशीन रोवलं. बैठकीपर्यंत दोन्ही आकडे जुळतात का ते बघणार.

२१ एप्रिल

४३.६. फार्मवर निंदायला येणाऱ्या बायका टाकीचं पाणी पितात, ते चहासारखं तापलेलं असतं. आज एकीला उलटी झाली. परसातला आईचा रांजण घासला आणि पेटीच्या कुंपणाशी नेऊन ठेवला. कुंपणाला पश्चिमेकडून गोणपाट बांधलं, त्याचं खालचं टोक पाण्याच्या घमेल्यात सोडलं. गोणपाट आपोआप पाणी ओढतं आणि दिवसभर ओलं राहतं. त्यातून वारा गार होऊन येतो, रांजणही गार. आई असंच करायची. बायका म्हणाल्या, जिजाबाईचं पाणी परत आलं. बारा वर्षांत मला पहिल्यांदा काही केल्यासारखं वाटलं.

घरी आले तर बाबा खिडकीशी तळमळत होते. डाव्या हातानं खाट बडवत होते. अंगणवाडीची पाटी आणि खडू दिला. त्यांनी खडू मुठीत धरला आणि पाटीवर एकदाच टेकवला. टिंब.

"पुढं लिवा ना, बाबा."

त्यांनी पाटी माझ्याकडे ढकलली आणि पुन्हा तेच केलं. चौतीस वर्षं लिहिणाऱ्या माणसाला आता एक टिंब जमतं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

२९ एप्रिल

आकांक्षाचा फोन. "ताई, तुमची पेटी एकवीस तारखेपासून माझ्या मशीनपेक्षा कमी दाखवते. एकानं, कधी दीडनं. त्याच्या आधी बरोबर जुळत होती." आवाज गोड होता, पण मतलब मला कळला. मी म्हटलं, "मले डोळे आहेत. जे दिसते ते लिवते." बोलून गेले आणि मग लक्षात आलं की हे वाक्य कोणाचं आहे.

पारा तिरका दिसतो का म्हणून आज स्टुलावर चढून डोळ्याच्या रेषेत वाचलं. ४४.१. मशीनवर ४५.३. मला काही समजून नाही राह्यलं. आमच्या घराण्यालाच कमी दिसतं का?

बाबा रोज संध्याकाळी पाटी मागतात आणि तेच एक टिंब काढतात. भागाबाई म्हणते, काढू दे, त्याचा जीव रमते. भागाबाई नाल्यापलीकडच्या गोंडवस्तीतली, आईची मातीकामातली जोडीदारीण. आता तिचे गुडघे गेले, म्हणून मी अंगणवाडीत असते तेव्हा बाबांजवळ बसते.

६ मे

आज माझ्याकडून जे झालं ते लिहायला लाज वाटते, पण ही वही कोणी वाचणार नाही.

अंगणवाडीत आज वजनाचा दिवस होता. काटा बिघडला होता. मी आठ पोरांची वजनं मागच्या महिन्याच्या आकड्यात शंभर शंभर ग्रॅम मिळवून भरून टाकली. दरवेळी काटा बिघडला की करते. सगळ्याजणी करतात. लिहिता लिहिता एकदम वाटलं, बाबांनीही हेच केलं. बसल्या जागी भरलं. आधी कमी भरलं, मग जास्त. मग त्या एका दिवशी काय धाड भरली होती खरं लिहायला?

घरी येऊन ती वही त्यांच्या मांडीवर आपटली. म्हटलं, "बाबा, सांगा मले. खोटं लिवलं काय तुमी? त्या दिवशी खरं होतं काय? दुसऱ्यासाठी हात वर जाते, माह्या आईसाठी काऊन नाई गेला?" त्यांनी डावा हात पानावर ठेवला आणि त्या कसरीच्या भोकावर बोट टेकवून माझ्याकडे बघत राहिले. मी खांदा धरून हलवलं. "भोकात काय बोट घालून राह्यले, तोंडाकडं पाहा माह्या." वही ओढून घेतली तर त्यांच्या घशातून जनावरासारखा आवाज आला. भागाबाई मध्ये पडली. म्हणाली, "पोरी, मुक्या माणसाशी काय भांडतं?"

जेवले नाहीत. मीही नाही.

७ मे

सकाळी साडेआठचं वाचून आले तर बाबांचे डोळे फिरलेले. दुसरा झटका. लक्ष्मणरावांनी गाडी बोलावली. मीच केलं हे.

१२ मे, सावंगी

बुद्धपौर्णिमा. दवाखान्याच्या फाटकाबाहेर पोरं खीर वाटत होती. द्रोण हातात घेतला आणि तसाच एका म्हाताऱ्याला दिला.

बाबा डोळे उघडत नाहीत. नळीनं भरवतात. डॉक्टर तोच. या वेळी मी एक आकडा मागितला नाही. त्यानंच सांगितलं, "आठवडा ते सहा महिने." विचारलं, ऐकू येतं का? म्हणाला, "येत असेल. नसेलही. बोलत राहा." काय बोलू? बारा वर्षं भाजीत मीठ कमी आहे का एवढंच विचारलं आहे.

पेटी लक्ष्मणराव वाचतात. आकांक्षाचा फोन आला होता. आठ तारखेचा आकडा थोडा कमी होता, नऊपासून पेटी आणि मशीन दोन्ही जुळतात, दशांशाचाही फरक नाही. लक्ष्मणराव, ज्यांना वर्तमानपत्र हातभर लांब धरावं लागतं, त्यांचं बरोबर येतं. माझ्या हातालाच काय झालं होतं देव जाणे. देव मानत नाही, पण असं म्हणून जातं तोंडातून.

आकांक्षा म्हणाली, सव्वीस तारखेपर्यंत काही कळलं नाही तर नाइलाज आहे.

१५ मे

धाकटा भाऊ रुपेश पुण्याहून आला. त्याला बाबांजवळ बसवलं आणि कपडे न्यायला गावी आले. उन्हात आवार तव्यासारखं तापलेलं. रांजण कोरडा, गोणपाट वाळून पापड झालेलं. भागाबाई ओट्यावर बसली होती. मी घमेलं उचललं, म्हटलं जाण्याआधी बायकांसाठी पाणी तरी भरून जावं.

भागाबाई म्हणाली, "रांजण भर, पण गोणपाट नको बांधू. तुह्या बापाले आवडत नोतं ते."

"काय आवडत नव्हतं?"

"गोणपाट. त्याच्यावरून दोघाइचं भांडण झालं होतं. प्रेमदासभाऊ म्हने, काढ ते, पेटीत गार हवा शिरते न् आकडा खाली येते. जिजाबाई म्हने, आकडा खाली येते त येऊ द्या, बायाइले थंड पाणी भेटते ना."

"मंग?"

"मंग काय. गोणपाट राह्यलं. ज्या दिवशी जिजाबाई बांधे, त्या दिवशी तो कानावरची पेन्शिल काढे न् वहीत टिंब मारे. जिजाबाई हासे. म्हने, माह्या नावाचं टिंब मारून राह्यले."

मी घमेलं घेऊन तिथंच मातीत बसले. बुड भाजलं तेही कळलं नाही. विचारलं, "आई गेली त्या दिवशी?"

"त्या दिवशी तिनं सकाळीच बांधलं, घमेलं भरलं, मंगच आमी कामावर गेलो."

"अन् चौकशीवाले आले तवा?"

"मी दारातच होती. प्रेमदासभाऊ त्याइले टिंब दाखवून राह्यला होता. सायेब म्हने, टिंब कायचं, आकडा सांग. दोन डाव दाखवलं त्यानं. मंग चुप बसला."

"बारा वर्षांत मले सांगितलं काऊन नाई, भागाबाई?"

"मले का मालूम पोरी, टिंबानं काय होते. मले वाटलं बापानं सांगितलं असन."

बापानं नाही सांगितलं. काय सांगायचं होतं त्यानं? की तुझ्या आईनं दुसऱ्यांच्या घशासाठी गोणपाट ओलं केलं, आणि त्या गोणपाटानं तिचंच ऊन वहीत कमी भरलं? हे पोरीला सांगण्यापेक्षा पोरीचा राग परवडला त्यांना. आणि तोंड गेल्यावर मात्र पाटीवर रोज सांगत होते, मी गोणपाट बांधलं त्या दिवसापासून. टिंब दे, भावना. आकडा पक्का नाही. टिंब दे. मी पाटी पुसून ठेवायची.

१६ मे

सकाळी उजेडात पुन्हा वही घेतली. ते भोक कसरीचं नाही. कसर कडेकडेनं खाते. हे गोल आहे, कागद मागच्या बाजूला बाहेर आलाय, आणि पुढच्या दोन पानांवर त्याच जागी करड्या शिसाचा खळगा आहे. पेन्सिल दाबली आहे. आर्वीहून परत आल्यावर साडेपाचला ते पेटीकडे गेले असतील, ४४.४ बघितलं असेल, ४४.४ लिहिलं असेल, आणि मग हे.

आकांक्षाला फोन केला. सगळं सांगितलं, आईचंही. तिनं २२ मेची तारीख पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाली, "ताई, म्हणजे कोणता आकडा किती भरवशाचा, हे त्यांनी त्याच दिवशी लिहून ठेवलंय." तिनं टिंब असलेल्या सगळ्या दिवसांचे फोटो मागितले. ट्रंकेतल्या वह्या धरून चारशे अकरा दिवस निघाले. आई गेल्यानंतर एकही नाही.

तिच्याच सांगण्यावरून लक्ष्मणराव आता एक दिवस गोणपाट बांधणार, एक दिवस सोडणार. म्हणाले, "कायची तपासणी हाये का मालूम, पण प्रेमदासभाऊसाठी करतो." मी संध्याकाळच्या एसटीनं सावंगीला परत.

२१ मे, सावंगी

बाबांना ताप. आज चौदा दिवस झाले. आठवडा ते सहा महिने यातला आठवडा कधीच संपला. मला कळत नाही पुढचे दिवस मिळाले म्हणायचे की घटले म्हणायचे.

रोज त्यांच्या कानाशी बसते आणि तोंड उघडत नाही. सांगायला काहीतरी पक्कं हवं. नुसतं माफ करा म्हणून काय होतं? आकांक्षाच्या फोनची वाट बघून राह्यली. वेड लागायची पाळी आहे.

२३ मे

फोन आला. मी जिन्यात जाऊन उचलला.

तिनं टिंबाचे दिवस वेगळे काढले, शेजारच्या ठिकाणांशी लावून पाहिले, लक्ष्मणरावांचे दिवस पाहिले. गोणपाट ओलं असलं की पेटी ०.९ ते १.७ नं कमी दाखवते. नेमकं किती ते वाऱ्यावर. टिंब नसलेले दिवस आजूबाजूशी नीट जुळतात. बारा वर्षांपूर्वीची ती उडी गेली. बाबांची वही राहणार, सगळी चौतीस वर्षं.

मग म्हणाली, "ताई, तुमच्या आईचा दिवस वेगळा काढला. सांगू?"

"सांग."

"४५.३ ते ४६.१."

मी विचारलं, "म्हणजे किती?" सवयीनं विचारलं. ती काही बोलायच्या आधी मलाच कळलं. खालचं टोक धरा, वरचं टोक धरा, मधलं कोणतंही धरा. पंचेचाळीसच्या वरच. एक आकडा ठाऊक नसतानाही आईला ऊन लागलं हे ठाऊक आहे. जिन्यात बसले आणि पदर तोंडात कोंबून रडले. सफाईवाली बाई म्हणाली, "कोन गेलं का?" म्हटलं, "बारा वर्षं झाली."

२६ मे, वर्धा

आकांक्षानं बैठकीला नेलं. मागच्या खुर्चीवर बसले. तिनं पडद्यावर बाबांच्या वहीचं पान दाखवलं, टिंबासकट, आणि खाली नाव, प्रेमदास थूल. मग आपला नवा आकडा सांगितला, सतरा ते अठ्ठावीस. बाबांच्या टिंबांमुळे तो अरुंद झालाय म्हणाली.

समोरचे साहेब म्हणाले, "मॅडम, एक आकडा द्या. फाइलवर ते असं ते लिहिता येत नाही."

ती म्हणाली, "सर, सतरा तर येणारच, ते धरून चाला. अठ्ठावीस येऊ शकतात, तेवढी सावली आणि पाणी तयार ठेवा. मधला आकडा लिहिला तर दोन्ही जातील." साहेबांनी मान हलवली आणि बाजूच्या क्लार्कला सांगितलं, बावीस लिहा.

मी उभी राहिले. म्हटलं, "सायेब, बारा वर्षांपूर्वी माह्या बापानं टिंब दाखवलं होतं, तवा पण कोणी पाहिलं नाई. माह्या आईच्या कागदावर हृदयक्रिया लिवलं आहे. तिले ऊन लागलं होतं." सगळे वळून बघायला लागले. साहेब नरमाईनं बोलले, खोटं कशाला सांगू. म्हणाले, "ताई, जुनी फाइल आता उघडता येत नाही. पण मॅडमच्या अहवालात तो दिवस राहील." आकांक्षानं माझा हात धरून खाली बसवलं.

निघताना तिनं क्लार्ककडून कागद मागून घेतला आणि बावीसच्या पुढं कंसात स्वतःच्या अक्षरात सतरा ते अठ्ठावीस लिहिलं. राहील की खोडतील, ठाऊक नाही.

२७ मे, सावंगी

सकाळी रुपेशला चहाला पाठवलं. खुर्ची ओढून बाबांच्या डाव्या कानाशी बसले आणि बोलले. वऱ्हाडीत बोलले, पुस्तकी नाही. म्हटलं, "बाबा, गोणपाट काढाले लावलं म्या. रांजण पेटीपासून दूर, लिंबाच्या झाडाखाली ठेवाले सांगितला, बायाइले पाणी भेटून राह्यलं. तुमची वही राह्यली. सगळेच टिंब पाहिले त्याइनं. आईचा दिवस पंचेचाळीस पॉइंट तीन ते शेहेचाळीस पॉइंट एक होता. तुमी बरोबर लिवलं होतं. मलेच वाचता नाई आलं."

मग बारा वर्षांचं बोलले. सासरचं, आईच्या लुगड्याचं, अंगणवाडीतल्या खोट्या वजनांचंही. उद्यापासून काटा बिघडला की त्या पोरापुढं टिंब देईन म्हटलं.

८ वाजून ४० मिनिटांनी चादरीवर त्यांच्या डाव्या हाताचं पहिलं बोट एकदा खाली दाबलं गेलं. सिस्टर म्हणाली, असं आपोआप होतं, त्यात काही नसतं. डॉक्टर म्हणाला, असेलही, नसेलही.

रुपेशची पेन्सिल मागून घेतली. जे दिसलं ते वर लिहिलं आहे, आणि त्याच्यापुढं टिंब दिलं आहे.